जिप्सीच्या एअर लॉकरला हवा कुठून द्यायची? कॉम्प्रेसर, टाकी, नळी – नागपूरकरांनी सांगा

पांदणस्वार
नमस्कार मंडळी. काटोल तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. डांबरी रस्ता सुटला की दोन किलोमीटर पांदण आणि मधे एक नाला. उन्हाळ्यात काही त्रास नाही. पण एकदा झड लागली की काळी माती टायरला अशी धरते की खाचा बुजून चाक नुसतं गुळगुळीत होतं. गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या चढावर गाडी तिरपी लटकली. मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक हवेत. फोर बाय फोर लावलेलं, लो लावलेला, आणि जमिनीवरची दोन चाकं जागची हलेनात. हवेतली दोन मात्र गरगर फिरत होती. सोबत वडील होते, वय पंचाहत्तर. ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला. त्यांना त्या चिखलातून हात धरून वर आणताना ठरवलं की मागच्या डिफला (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शिअलला) लॉक बसवायचं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील.

लॉकर आला आहे, हवेच्या दाबावर लागणारा. एका ओळखीच्या गॅरेजमधे डिफ उघडून बसवायचं ठरलं आहे. आता प्रश्न हवेचा. किटसोबत कॉम्प्रेसर नाही. एक मित्र म्हणतो टायर फुगवायचा बारा व्होल्टचा साधा पंप घे आणि त्याला छोटी टाकी जोड. दुसरा म्हणतो पंपाच्या भानगडीतच पडू नको, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर ठेव. गाडी एमजी ४१३, एसी नाही, त्यामुळे बॉनेटखाली थोडी जागा आहे. त्याच हवेवर टायरही फुगवता आले तर बरं होईल. ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी सांगा.

रामटेक४बाय४
पांदणस्वार, आधी एक हिशोब करून घ्या, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतील. लॉकरला हवा किती लागते? नळी बाहेरून ५ मिलिमीटर, आतून साधारण ३. चार मीटर नळीत मावते जेमतेम २८ मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचा अर्धा ग्लाससुद्धा नाही. लॉकरच्या आतल्या पिस्टनची जागाही थोडकी. ती १०० पीएसआयपर्यंत भरली तरी बाहेरची अर्धा लिटर हवा पुरेल. शिवाय लॉक लागल्यावर हवा वाहत नाही, ती फक्त दाबून धरलेली असते. लॉक काढलं की सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह) तेवढी हवा बाहेर सोडतो, आणि पुढच्या वेळी परत तेवढीच लागते. म्हणून नुसत्या लॉकरसाठी मुठीएवढा कॉम्प्रेसर चालतो आणि टाकी नसली तरी अडत नाही.

टायरची गोष्ट वेगळी. तुमच्या टायरमधे साधारण ४० लिटर जागा धरा. चिखलासाठी १५ पीएसआयवर उतरवलेला टायर परत २६ वर न्यायला एका चाकाला ३० लिटर हवा लागेल, चारला १२०. ४ लिटरची टाकी १०० वर भरलेली असली तरी २६ पर्यंत उतरताना तिच्यातून निघतात २० लिटर. म्हणजे एका टायरलाही पुरत नाही. टाकी मोठी घेतल्याने टायर फुगत नाहीत, पंप फुगवतो. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला मिनिटाचा आकडा बहुतेक वेळा शून्य दाबावरचा असतो. १०० वर तो बराच खाली येतो, हे धरून चाला.

दाबाचं म्हणाल तर माझ्या लॉकरच्या पुस्तिकेत ८५ ते १०५ पीएसआय दिलं आहे. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच खरं. कमी पडलं तर लॉक अर्धवट लागतं आणि दात झिजतात. जास्त झालं तर आतली सीलं जातात.

एअरब्रेकवाला_वाडी
भाऊ, मी बारा वर्षांपासून वाडीत ट्रकच्या एअर ब्रेकचं काम करून राहिलो. छोट्या गाडीच्या लॉकरचं काम आतापर्यंत चार-पाच वेळा आलं माझ्याकडे, आणि प्रत्येक वेळी भानगड एकच होती. पंप चांगला, लॉकर चांगला, आणि मधल्या जोडात गळती.

पहिलं आट्याचं. आपल्याकडे बाजारात मिळणारी बहुतेक फिटिंगं बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्याची. बाहेरून आलेल्या सोलेनॉइडला किंवा मॅनिफोल्डला (हवा वाटणाऱ्या ठोकळ्याला) एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असू शकतात. पाव इंचाच्या बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. आट्याचा कोनही वेगळा, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. हातानं फिरवलं तर दोन-तीन आटे अगदी मस्त बसतात, म्हणून माणूस फसतो. मग पाना लावून जोर दिला की आटे चिरडतात आणि वरून कितीही टेप गुंडाळा, हवा निघूनच राहते. दुकानात जाताना मूळ फिटिंग सोबत न्या आणि हातानं शेवटपर्यंत फिरतं का ते बघा.

दुसरं नळीचं. ट्रकच्या नळ्या ६, ८, १० अशा. तुमची आली असेल ५ ची. ५ ची नळी ६ च्या पुश फिटिंगमधे घुसते, दोन दिवस टिकते, मग सुटते. तशी जोडू नका. नळी कापायची ती नव्या ब्लेडनं, सरळ, एका दमात. कटरच्या चिमट्यानं कापली की तोंड चपटं होतं आणि आतल्या ओ-रिंगला (रबरी कडीला) चरा पडतो. नळी घुसवताना एकदा अडकल्यासारखं वाटतं, ती ओ-रिंग. तिच्या पुढं आणखी एक धक्का द्यायचा, तेव्हा ती तळाला बसते. बरेच जण पहिल्या अडकण्यावरच थांबतात.

आणि नळी नायलॉनचीच घ्या. निळी मऊ पीयू ट्यूब दिसायला तशीच असते, पण ६० अंशांच्या आसपास ती नरम पडते. आपल्या मे महिन्यात सायलेन्सरजवळून गेली तर फुगा होईल.

टेफ्लॉन टेपचं पण सांगतो. पहिले दोन आटे मोकळे ठेवूनच गुंडाळा. टेपचा एक तंतू जरी सोलेनॉइडमधे गेला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मी तर टेप सोडून पातळ सीलंटच वापरतो.

संत्रा_बहार
फॅक्टरीतूनच लॉक येणारी गाडी घेतली तर? फोर्सच्या गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं मेकॅनिकल लॉक मिळतं, हवा नाही, वायर नाही.

पांदणस्वार
बरोबर आहे तुमचं. पण ही जिप्सी वडिलांनी घेतलेली आहे, ती ठेवायची आहे. आणि आमच्या धुऱ्यावरून वळते ती हीच, रुंद गाडी वळत नाही.

सिलिंडर_सुरक्षा
कार्बन डायऑक्साइडबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मी औद्योगिक गॅसच्या क्षेत्रात काम करतो आणि हे कळकळीने सांगतो आहे.

सिलिंडरमधे हा वायू द्रवरूपात असतो. २५ अंशांना आतला दाब साधारण ६४ बार, म्हणजे ९०० पीएसआयच्या वर. थंड देशात लोक हे वापरतात, कारण सिलिंडर लहान आणि टायर झटपट फुगतो. पण या वायूचं क्रांतिक तापमान ३१ अंश. त्याच्या वर आत द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही, आणि मग दाब किती चढेल हे सिलिंडर किती भरलं होतं त्यावर ठरतं. नागपुरात मार्चपासून जूनपर्यंत दुपार ३१ च्या वरच असते. मे महिन्यात बाहेर ४५ असताना बंद गाडीत ६० सहज होतात. काठोकाठ भरलेलं सिलिंडर त्यात सीटमागे ठेवणं म्हणजे फक्त त्याच्या सेफ्टी डिस्कवर भरवसा ठेवणं. ती डिस्क फुटली तर बंद गाडीत सगळा गॅस आत, आणि तो श्वास कोंडणारा. रेग्युलेटर बिघडला तर लॉकरच्या सीलवर कित्येक पट दाब. जुनं अग्निशामक सिलिंडर भरून वापरायचा सल्लाही लोक देतात. ते अजिबात करू नका.

दाबाखालच्या सिलिंडरना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत, आणि ते बघणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. मान्यता नसलेलं, चाचणीची तारीख उलटलेलं सिलिंडर गाडीत नको. पंपच घ्या.

रामटेक४बाय४
शंभर टक्के सहमत. आणि साध्या टायर-पंपाला टाकी जोडायच्या बेताबद्दल: ते पंप रिकाम्या नळीवर सुरू व्हायला बनलेले असतात. टाकीत ७०-८० पीएसआय असताना पंप परत सुरू करायला गेलात की मोटार घुरघुरते, करंट ओढते, फ्यूज जातो. टाकीकडून हवा उलटी येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह लागतो, ठरावीक दाबाला थांबायला प्रेशर स्विच लागतो, आणि तो स्विच अडकला तर वाचवायला सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो. हे सगळं जमवेपर्यंत पैसे तेवढेच होतात. एअर लॉकर हे नाव ज्यांचं आहे त्या ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचे किंवा त्या धर्तीचे गाडीत कायम बसवायचे कॉम्प्रेसर येतात, त्यात मॅनिफोल्ड आणि स्विच जागेवरच असतात. त्यातलाच टायर फुगवता येईल असा मधला घ्या.

रिले_आणि_तार
वायरिंगचं माझ्याकडून.

पंप २० अँपिअर ओढतो असं धरू. बॅटरीपासून सीटमागे जाऊन-येऊन ६ मीटर वायर. अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर घातली तर वाटेतच ०.९ व्होल्ट खाल्ले जातात, सहा स्क्वेअरची घातली तर ०.४ च्या आत. ऐकायला अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो, पण भरल्या दाबावर मोटार सुरू होताना करंट क्षणभर कितीतरी वाढतो आणि तेव्हा हा फरक दिसतो. सहा स्क्वेअर घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पंपाजवळ नाही. फ्यूज वायरला वाचवतो. तो पंपाजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी पडली.

रिले म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला पंप, ८५ अर्थ. ८६ ला डॅशबोर्डच्या मुख्य स्विचमधून येऊन प्रेशर स्विचमधून गेलेली बारीक वायर. आता महत्त्वाचं: लॉकरच्या सोलेनॉइडचा स्विच बॅटरीवरून थेट घेऊ नका. मुख्य स्विचच्या बाहेर पडणाऱ्या वायरवरून घ्या. म्हणजे पंप चालू केल्याशिवाय लॉक लागूच शकत नाही, आणि कोणाचा हात चुकून लागला तरी गाडी महामार्गावर लॉक होणार नाही. मुख्य स्विचला इग्निशनमधून करंट द्या. लॉकच्या स्विचला दिवा हवाच.

पांदणस्वार
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या वेळात काम झालं, आणि एक अडचण आली आहे.

पंप ड्रायव्हरच्या सीटमागे व्हील आर्चवर उभा केला. बॉनेटखाली जागा होती, पण एक्झॉस्टची आच आणि वर आपला उन्हाळा, म्हणून तो विचार सोडला. ४ लिटरची टाकी खाली चेसिसला, तळाला पाणी काढायची तोटी. वायरिंग अगदी वर सांगितलं तसं. पंप १०० ला थांबतो.

अडचण अशी. लॉक न लावता पंप एकदा थांबला की थांबला, अर्ध्या तासात काटा हलत नाही. लॉक लावलं की दीड-दोन मिनिटांत पंप परत सुरू होतो. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर लावलं: मॅनिफोल्ड, सोलेनॉइड, डिफवर जिथं नळी आत शिरते ते फिटिंग. एक बुडबुडा नाही. गॅरेजवाले म्हणतात एवढं चालतं, वापरा.

एअरब्रेकवाला_वाडी
नाही भाऊ, एवढं चालत नाही. तुम्ही स्वतःच अर्धं निदान केलं. लॉक बंद असताना काटा स्थिर, म्हणजे पंप, टाकी, मॅनिफोल्ड सगळं घट्ट. लॉक लावल्यावर उतरतो, म्हणजे गळती सोलेनॉइडच्या पुढं. बाहेर बुडबुडा नाही, म्हणजे ती डिफच्या आत.

खात्री करायची असेल तर डिफच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाची) नळी काढून तिचं तोंड पाण्याच्या पेल्यात बुडवा. गाडी थंड असताना, इंजिन बंद, चाकांना उटी लावून. आधी लॉक न लावता बघा, मग लावून.

पांदणस्वार
आज सकाळी केलं. स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, ब्रीदरची नळी बोटभर बुडवली, आणि पुतण्याला स्विचवर बसवलं. लॉक बंद: पाणी आरशासारखं शांत. त्याला "लाव" म्हटलं. सोलेनॉइडचा टक् आवाज आला. साधारण तीन सेकंदांनी पहिला बुडबुडा, मग दुसरा, मग एका लयीत येतच राहिले, सेकंदाला दोन. वर येऊन फुटताना गिअर ऑईलचा वास. लॉक काढलं, वीस सेकंदांत पाणी परत शांत. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तसंच.

रामटेक४बाय४
मग सील हाउसिंगच्या ओ-रिंगा. हवा बाहेरच्या स्थिर नळीतून फिरणाऱ्या डिफमधे जाते ती याच जागी. बेअरिंगच्या शेजारी एक कडं असतं, त्याच्या आतल्या खाचांत दोन ओ-रिंगा, आणि त्यांच्या मधून हवा कॅरिअरच्या (डिफच्या फिरत्या भागाच्या) भोकात शिरते. बसवताना कडं कोरडं सरकवलं तर ओ-रिंग पिळते किंवा भोकाच्या धारेवर कापली जाते. गिअर ऑईल लावून, हळू फिरवत बसवावं लागतं.

हे तसंच चालवू नका. आज फक्त पंप जास्त चालतो आहे. पुढं ब्रीदरमधून तेल बाहेर पडेल, आणि लॉक काढताना डिफचं तेल नळीतून उलटं वर येऊन सोलेनॉइडच्या तोंडातून फवारेल. माझ्या सीटमागच्या चटईवर ९० नंबरचं तेल पडलेलं आहे, तो वास वर्षभर गेला नव्हता.

परत बसवताना गॅरेजवाल्यांना सांगा: डिफ एक्सलमधे घालायच्या आधी, टेबलावर असतानाच, त्या कड्याच्या तांब्याच्या नळीला हवा द्यायची आणि दाब धरून ठेवतो का ते बघायचं. ही पाच मिनिटांची चाचणी तुमचा एक दिवस वाचवते. टेबलावर न तपासता डिफ बंद करू देऊ नका.

पांदणस्वार
उघडलं. बाहेरच्या बाजूची ओ-रिंग एका जागी नखभर कापलेली, तुकडा खाचेतच दुमडून बसलेला. दोन्ही नव्या टाकल्या. मी समोर उभा होतो. ऑईल लावून कडं सरकवलं, टेबलावर हवा दिली, कानाजवळ धरलं, काही आवाज नाही. गेज लावून पंधरा मिनिटं ठेवलं, काटा जागेवर. मग बंद केलं. गॅरेजवाल्यांनी मजुरी घेतली नाही, आणि पुढच्या कामात हीच पद्धत ठेवू म्हणाले.

नवा_चालक_हिंगणा
एक शंका. लॉक लावून कोणत्या वेळी चालवायचं नाही? आणि नळी एक्सलसोबत वरखाली होते, ती तुटत नाही का?

रिले_आणि_तार
डांबरी रस्त्यावर, वळणावर लावायचं नाही. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरायला हवं, लॉक ते होऊ देत नाही. मग टायर घासतात आणि एक्सलवर ताण येतो. लावायचं ते अडकायच्या आधी, गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असताना. चाक गरगर फिरत असताना स्विच दाबू नका, दातांवर घाव बसतो. नळी ब्रेकच्या रबरी होजला धरून खाली न्या. कंपनीने त्या होजला एक्सल पूर्ण लटकेल एवढी ढील दिलेली असते, तीच वाट सुरक्षित. सायलेन्सरपासून वीतभर लांब, आणि जिथं पत्र्याला घासेल तिथं वर स्प्रिंगचं आवरण. केबल टाय आवळून नळी चपटी करू नका.

पांदणस्वार
पोळा झाल्यावर लिहितो आहे. या पावसाळ्यात नाला अकरा वेळा ओलांडला, त्यात लॉक लागलं चार वेळा. पहिल्या वेळी वडील सोबत होते. त्याच चढावर, तसंच मागचं डावं चाक उचललं गेलं. थांबलो, स्विच दाबला, दिवा लागला, आणि क्लच सोडल्यावर गाडी ट्रॅक्टरसारखी एका चालीनं वर चढली. वर गेल्यावर ते उतरले आणि वाकून मागचं चाक किती वेळ बघत होते.

टाकीची तोटी दर रविवारी उघडतो. झडीच्या दिवसांत प्रत्येक वेळी दोन-तीन चमचे पाणी निघालं, पहिल्यांदा चहाच्या रंगाचं, आता स्वच्छ. पेल्यातली ब्रीदरची चाचणी महिन्यातून एकदा करतो, एकही बुडबुडा नाही. ब्रीदरची नळी आता टेललाइटच्या मागे उंचावर नेली आहे, कारण नाल्याचं थंड पाणी गरम डिफला लागलं की डिफ आत ओढतं.

एकच राहिलं. पंपाची हवा घ्यायची जाळी सीटमागे आहे, आणि काटोल रोडच्या कामाची धूळ तिच्यावर बसते. जाळी दर पंधरा दिवसांनी झटकतो. कोणी ती नळीने लांब, उंच नेली असेल तर कुठे नेली ते सांगा.

एअरब्रेकवाला_वाडी
मागच्या क्वार्टर पॅनलच्या आत, खिडकीच्या खालच्या कडेशी न्या. तिथं धूळ कमी आणि पाणी पोचत नाही. नळी १० ची घ्या, ६ ची घेतली तर पंपाला दम लागेल. फिल्टरचं तोंड खाली ठेवा. या आठवड्यात वाडीकडं आलात तर निप्पल माझ्याकडं आहे, बीएसपी आट्याचं. पंपाचं मूळ फिटिंग सोबत आणा, आटे जुळवून देतो.